नळी किती लांब असावी?

रिव्हॉल्व्हर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते ते पडद्यावर. काऊबॉयच्या सिनेमात ते मांडीशी लोंबत असते आणि त्याची नळी जवळजवळ वीतभर लांब असते. शहरी गुप्तहेराच्या सिनेमात ते कोटाच्या आतून बाहेर येते आणि नळी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी असते. दोन्हींत एक फिरते सिलिंडर, पाच-सहा काडतुसे, एक घोडा आणि एक चाप. मग नळीच्या लांबीत एवढा फरक का?

मुलांना विचारले तर बहुधा उत्तर येईल, ‘नळी जेवढी लांब, तेवढी गोळी जोरात.’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. तेवढेच खरे असते तर आखूड नळीची रिव्हॉल्व्हर्स कोणी बनवलीच नसती. प्रत्यक्षात स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगायच्या रिव्हॉल्व्हरची नळी गेल्या पावणेदोनशे वर्षांत नऊ इंचांपासून दोन इंचांपर्यंत आखडत गेली आणि नंतर तीन-चार इंचांच्या आसपास घुटमळत राहिली. हे आकडे कोणी ठरवले? त्यात वायूच्या प्रसरणाचा वाटा आहे, घोड्याच्या खोगिराचा आहे, शिंप्याने शिवलेल्या खिशाचा आहे आणि कायदे करणाऱ्यांचाही आहे. हा सगळा हिशेब आपण क्रमाने पाहू या.

मोजायचे कुठून?

लांबी मोजण्याआधी ती कुठून कुठपर्यंत मोजायची हे ठरवावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नळीत नसते, ते मागच्या सिलिंडरमध्ये असते. चाप ओढला की सिलिंडर एक घर फिरते, काडतूस नळीच्या रेषेत येते आणि घोडा त्यावर आपटतो. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या नळीची लांबी नळीच्या तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत धरतात. सिलिंडर तीत धरत नाहीत. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात मात्र काडतुसाची जागा नळीतच असते आणि ती लांबीत धरली जाते. त्यामुळे ‘चार इंची’ रिव्हॉल्व्हर आणि ‘चार इंची’ पिस्तूल यांत गोळीला मिळणारा रस्ता सारखा नसतो. एकच शब्द, पण मोजण्याची रीत वेगळी. विज्ञानाच्या वर्गात एककांबद्दल बोलताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. सिलिंडर फिरायचे तर ते आणि नळी यांच्यात थोडी फट हवीच. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून पाव भागापर्यंत असते. गोळी सुटताना थोडा तापलेला वायू या फटीतून बाजूला निसटतो. रिव्हॉल्व्हरचा हा जन्मजात दोष आहे.

रॉबिन्सचा लंबक

नळीच्या लांबीचा शास्त्रीय विचार रिव्हॉल्व्हरच्या जन्माआधी जवळजवळ शंभर वर्षे झाला होता. तो करणारा माणूस म्हणजे इंग्लंडमधल्या बाथ गावी १७०७ साली क्वेकर कुटुंबात जन्मलेला गणिती बेंजामिन रॉबिन्स. त्याचे तोफा-बंदुकांच्या शास्त्रावरचे पुस्तक १७४२ साली निघाले. तोपर्यंत गोलंदाज आपल्या अनुभवावर चालत. गोळी नळीतून नेमक्या किती वेगाने निघते, हे मोजण्याची रीतच नव्हती.

रॉबिन्सची युक्ती साधी होती. त्याने एक जड लाकडी लंबक टांगला आणि त्यावर जवळून गोळी झाडली. गोळी लाकडात रुतली आणि लंबक मागे झुलला. तो किती झुलला हे एका फितीवरून मोजता येई. गोळीचा संवेग लंबकाला मिळतो, म्हणून लंबकाचे वजन आणि त्याचा झोका यांवरून गोळीचा वेग काढता येतो.

वर्गात फळ्यावर हे गणित असे मांडता येईल. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला २५० मीटर वेगाने ५ किलोच्या लंबकात रुतली. संवेग झाला २.५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. गोळीसह लंबकाचे वस्तुमान ५.०१ किलो, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. तेवढ्या वेगाने लंबक सुमारे १.३ सेंटिमीटर वर उचलला जाईल. डोळ्यांना न दिसणारी गोळी अशा रीतीने फूटपट्टीच्या आवाक्यात येते. रॉबिन्सला बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला साडेसोळाशे ते सतराशे फुटांच्या घरात मिळाला. त्या काळच्या जाणकारांना हा आकडा अविश्वसनीय वाटावा असा होता.

रॉबिन्सने दुसरी गोष्ट केली ती आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. बॉइलच्या नियमानुसार बंद वायूची जागा दुप्पट झाली की त्याचा दाब निम्मा होतो. दारू पेटून झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो, गोळी पुढे गेली की वायूला जागा वाढते आणि धक्का कमी होत जातो. या धक्क्यांची बेरीज केली की निष्कर्ष निघतो तो असा : वायूला मिळणारी एकूण जागा दर वेळी दुप्पट केली तर गोळीच्या ऊर्जेत दर वेळी सारखीच भर पडते. समजा, दारूची जागा एक इंच लांब आहे. नळी धरून एकूण लांबी दोन इंच असताना गोळीचा वेग १०० मानला, तर चार इंचांना तो १४१, आठ इंचांना १७३ आणि सोळा इंचांना २०० होईल. लांबी आठपट झाली, वेग फक्त दुप्पट. हा आदर्श वायूचा हिशेब आहे. घर्षण, थंड होणारा वायू आणि गळती धरली तर फायदा आणखी घटतो.

म्हणजे पहिल्या इंचांचे मोल मोठे आणि पुढच्या प्रत्येक इंचाचे मोल आधीच्यापेक्षा कमी. नळीच्या लांबीच्या इतिहासाचा पाया हा आहे. १७४५ साली ऑयलरने रॉबिन्सच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर आपल्या विस्तृत टीपांसह प्रसिद्ध केले, यावरून त्या कामाचे वजन कळते. खुद्द रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या डागडुजीसाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

खोगिरावरची नळी

सॅम्युएल कोल्टला रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट १८३६ साली मिळाले. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी काढलेला त्याचा पहिला कारखाना १८४२ साली बुडाला. त्याला पुन्हा उभे केले ते मेक्सिकोबरोबरच्या युद्धाने. टेक्सासच्या घोडदळातला कॅप्टन सॅम्युएल वॉकर याने सुचवलेल्या सुधारणा धरून १८४७ साली जे रिव्हॉल्व्हर बनले, त्याची नळी नऊ इंच लांब होती आणि वजन साडेचार पौंड, म्हणजे सुमारे दोन किलो होते. अशी अकराशे रिव्हॉल्व्हर्स तयार झाली.

दोन किलोचे हे धूड कमरेला बांधून माणूस दिवसभर चालू शकत नाही. त्याची गरजही नव्हती, कारण ते घोडा वाहून नेत असे. खोगिराच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे चामडी पिशव्या असत, त्यांत ही रिव्हॉल्व्हर्स राहत. त्या वेळची काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण, जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूप काजळीतच जाई. ढकलायला वायू थोडा, म्हणून जोर हवा असेल तर दारू पुष्कळ भरायची आणि तिला काम करायला लांब नळी द्यायची. खोगीर आणि काळी दारू या दोघांनी मिळून नऊ इंचांचा आकडा दिला.

खिशातली नळी

पुढच्या दोनच वर्षांत चित्र बदलले. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. शहरांत आणि खाणींवर अनोळखी माणसांची गर्दी झाली, आणि पोलीस जवळजवळ नव्हतेच. सैनिक नसलेल्या, घोडाही नसलेल्या माणसाला आपल्या अंगावर बाळगता येईल असे हत्यार हवे होते. कोल्टने त्याच साली खिशातले छोटे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची नळी तीन, चार, पाच आणि सहा इंच अशा लांबींत मिळे. ते १८७३ पर्यंत बनत राहिले आणि एकूण संख्या तीन लाखांवर गेली. वॉकरच्या अकराशेशेजारी हा आकडा ठेवून पाहा. रिव्हॉल्व्हरचे खरे गिऱ्हाईक रणांगणापेक्षा रस्त्यावर अधिक होते. नळी किती लांब घ्यावी हा प्रश्न सामान्य माणसापुढे दुकानात उभा राहिला तो इथून.

कोल्टचे १८७३ सालचे रिव्हॉल्व्हर तर सिनेमामुळे जगाला माहीत झाले. घोडदळासाठी त्याची नळी साडेसात इंच होती. नंतर साडेपाच इंचांचे आले आणि नागरिकांत पावणेपाच इंचांचे खपू लागले. हा पावणेपाचाचा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला साधे कारण आहे. झाडून झालेली रिकामी काडतुसे मागे ढकलून काढण्यासाठी नळीच्या खालच्या बाजूला एक दांडी बसवलेली असे. त्या दांडीचे घर जिथे संपते, जवळजवळ तिथेच पावणेपाच इंची नळी संपते. म्हणजे नळी इतपतच आखूड करता येत होती. त्याहून आखूड हवी तर दांडीच काढून टाकावी लागे, आणि मग रिकामी काडतुसे काडीने नाही तर पेन्सिलीने एकेक करून काढत बसावे लागे. इथे नळीची लांबी गोळीने ठरवलेली नाही, साफसफाईच्या दांडीने ठरवली आहे.

एक आखूड नळी आणि एक राष्ट्राध्यक्ष

इंग्लंडमध्ये वेब्ली कंपनीने १८७२ साली ‘ब्रिटिश बुलडॉग’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. नळी फक्त अडीच इंच, कोटाच्या खिशात मावणारी, पण गोळी जाडजूड. त्याची नक्कल बेल्जियममध्ये आणि अमेरिकेतही झाली. आखूड नळीमुळे गोळीचा वेग कमी होई, पण वापरणाऱ्याला त्याची पर्वा नव्हती. हल्लेखोर चार पावलांवर असताना शंभर पावलांवरचा नेम काय कामाचा?

हाच युक्तिवाद उलट बाजूनेही लागू पडतो, हे २ जुलै १८८१ रोजी दिसले. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर पाठीमागून, अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्व्हर बुलडॉग जातीचे होते. संरक्षणासाठी खिशात मावते ते खुनासाठीही खिशात मावते.

या घटनेत विज्ञानाचा एक धडा आहे. एक गोळी गारफिल्ड यांच्या शरीरात अडकली होती. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने ती शोधण्यासाठी विद्युत-प्रवर्तनावर चालणारे धातुशोधक यंत्र तयार केले. यंत्र चालत होते, पण गोळी सापडली नाही. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी संकेतात गोंधळ केला, आणि मुख्य डॉक्टरांनी बेलला शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती, हे नंतर शवविच्छेदनात कळले. निर्जंतुक न केलेली बोटे आणि हत्यारे जखमेत पुन्हा पुन्हा घातली गेल्याने जंतुसंसर्ग झाला आणि १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे काम तेव्हा चौदा वर्षे जुने झाले होते. पुढे १९०१ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर बफेलो शहरात गोळी झाडणाऱ्यानेही आखूड रिव्हॉल्व्हर हातरुमालाखाली लपवले होते.

धूर गेला, नळी आखडली

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिये याने धूरविरहित दारू तयार केली. नायट्रोसेल्युलोजपासून बनलेली ही दारू जवळजवळ संपूर्ण वायूत बदलते. थोड्या दारूत जास्त जोर मिळू लागला, मग लांब नळीची निकड कमी झाली. १८९९ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘.३८ स्पेशल’ काडतूस आणि त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर आणले. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे अमेरिकन पोलिसांच्या कमरेला मुख्यतः याच काडतुसाची रिव्हॉल्व्हर्स होती, आणि नळी बहुतेक वेळा चार इंचांची. त्याआधीच १८९६ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांसाठी एकाच प्रकारचे रिव्हॉल्व्हर ठरवण्यात आले, तेही चार इंची होते. त्या वेळी तिथल्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होता, जो पुढे देशाचा अध्यक्ष झाला.

गणवेशातल्या पोलिसाला चार इंच चालत, पण साध्या कपड्यांतल्या पोलिसाला ते कोटाखाली उठून दिसत. कोल्टने १९२७ साली दोन इंच नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले. १९५० साली स्मिथ अँड वेसनने त्याहूनही लहान, पाच काडतुसांचे ‘चीफ्स स्पेशल’ आणले. पोलीस प्रमुखांच्या परिषदेत त्याचे नाव ठरले म्हणून ते ‘चीफ्स’. या जातीला अमेरिकन लोक जे नाव देतात, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘नकट्या नाकाचे’.

आता रॉबिन्सचा हिशेब पुन्हा हाती घेऊ. चाराची दोन इंच नळी केली तर वेग किती घटेल? सिलिंडर लांबीत धरत नाहीत, पण गोळीचा पहिला प्रवास सिलिंडरमध्येच होतो. दारूची जागा अर्धा इंच आणि सिलिंडरमधला पुढचा रस्ता एक इंच धरू. मग दोन इंची नळीत वायूची एकूण लांबी साडेतीन इंच होते, म्हणजे मूळ जागेच्या सातपट. चार इंची नळीत ती साडेपाच इंच, म्हणजे अकरापट. ज्यांना लॉगॅरिदम येतात ते ताडून पाहतील : वेग सुमारे दहा टक्क्यांनीच घटतो. प्रत्यक्ष मोजमापेही साधारण याच घरात, कधी थोडी अधिक घट दाखवतात. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून दहा टक्के वेग गेला की एकोणीस टक्के ऊर्जा जाते.

नकट्या नळीची खरी किंमत

नळी कापल्याचा मोठा तोटा वेगात नाही, नेमात आहे. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी एक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. दोन्ही एका रेषेत आणून नेम धरायचा. समजा, माशी आणि खाच यांत १५ सेंटिमीटर अंतर आहे आणि माशी एक मिलिमीटर सरकली. समरूप त्रिकोणांनी दहा मीटरवर चूक होईल ६७ मिलिमीटर. नळी कापून हेच अंतर १० सेंटिमीटर झाले तर तीच एक मिलिमीटरची हालचाल दहा मीटरवर १०० मिलिमीटर चूक करील. हत्यार तेच, हात तोच, पण हाताचा कंप दीडपट मोठा होऊन पोचतो. घाबरलेल्या माणसाचा हात किती कापतो हे वेगळे सांगायला नको, आणि चुकलेली गोळी कुठेतरी जातेच.

दुसरी किंमत धक्क्याची. गोळीला पुढे मिळालेला संवेग रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो. वरच्याच आकड्यांनी एक किलोचे रिव्हॉल्व्हर सेकंदाला अडीच मीटर वेगाने मागे उसळेल आणि अर्ध्या किलोचे पाच मीटर वेगाने. हाताला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा दुप्पट. बाळगायला हलके ते झाडायला अवघड. शिवाय आखूड नळीत दारू पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली दारू नळीच्या तोंडाशी भडकते. त्यामुळे आवाज आणि लखलखाट दोन्ही वाढतात.

तिसरी किंमत पुन्हा त्या दांडीची. नव्या रिव्हॉल्व्हर्समध्ये सिलिंडर बाजूला उघडते आणि मधली दांडी दाबली की सगळी रिकामी काडतुसे एकदम बाहेर ढकलली जातात. दोन इंची नळीखाली पूर्ण लांबीची दांडी मावत नाही, म्हणून काडतुसे अर्धवट बाहेर येऊन अडकू शकतात. तीन इंची नळीखाली ती मावते. अनेक जाणकार तीन इंचांना पसंती देत आले त्याचे एक मोठे कारण हे. अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्यानेही १९८० च्या दशकात तीन इंची रिव्हॉल्व्हर्स वापरली होती.

कायद्याची फूटपट्टी

कारखानदार आणि गिऱ्हाईक इंच मोजत होते तेव्हा कायदे करणारेही गप्प नव्हते. अमेरिकेतल्या केंटकी राज्याने १८१३ सालीच खिशातली पिस्तुले लपवून बाळगण्यावर बंदी घातली. टेनेसीने १८७९ साली आणि आर्कान्सॉने १८८१ साली असे कायदे केले की सैन्याच्या आणि नौदलाच्या धर्तीची मोठी पिस्तुले तेवढी चालतील, आणि तीही उघडपणे हातात धरून न्यावीत. यामागचा विचार उघड आहे : लांब हत्यार समोरच्याला दिसते, आखूड हत्यार दिसत नाही.

ब्रिटनच्या १९०३ सालच्या कायद्याने पिस्तुलाची व्याख्याच लांबीवर केली. नऊ इंचांपेक्षा अधिक लांब नळी नसलेले हत्यार म्हणजे पिस्तूल. वॉकरचे नऊ इंच कायद्यात असे परत आले, हा निव्वळ योगायोग. १९९६ साली स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड नळीची जवळजवळ सर्व हत्यारे खासगी हातांतून काढून घेतली. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयात होणाऱ्या रिव्हॉल्व्हरची नळी निदान तीन इंच असावी, असा नियम झाला.

सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाचे. तिथल्या १९९५ च्या कायद्याने १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हातातली हत्यारे निषिद्ध ठरवली. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. साडेतीन मिलिमीटरने चार इंची रिव्हॉल्व्हर निषिद्ध ठरले! कारखान्यांनी लगेच कॅनडासाठी ४.२ इंचांच्या, म्हणजे १०६.७ मिलिमीटरच्या नळ्या बनवायला सुरुवात केली. पाच मिलिमीटरने गोळीच्या वेगात किंवा नेमात काय फरक पडणार? पण कायद्याला रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि जिथे रेघ ओढली तिच्या अगदी पलीकडे माल येऊन उभा राहतो. १९९५ च्या कायद्याने न मिटलेला प्रश्न कॅनडाने २०२२ साली वेगळ्या रीतीने हाताळला आणि हातातल्या हत्यारांची खरेदी-विक्रीच गोठवली.

आपल्याकडचा हिशेब

आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही, आणि परवाना सहजासहजी मिळत नाही. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. २०१२ च्या डिसेंबरमधल्या दिल्लीच्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ते पुढे केले गेले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन सुमारे अर्धा किलो, किंमत मात्र सव्वा लाखाच्या जवळपास. स्त्रियांच्या प्रश्नांवर आणि शस्त्रनियंत्रणावर काम करणाऱ्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला की सुरक्षितता ही पर्समध्ये घालून विकत देण्याची वस्तू नव्हे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आले. वजन ७०० ग्रॅम, सिलिंडर बाजूला उघडणारे आणि नळी ७६ मिलिमीटर. सेंटिमीटरांच्या पट्टीवर पाहा, बरोबर तीन इंच. शंभर वर्षांची तडजोड आपल्याकडेही त्याच आकड्यावर येऊन थांबली.

मग उत्तर काय?

या सगळ्यातून दिसते ते असे की ‘सर्वांत चांगली लांबी’ नावाची वस्तू अस्तित्वात नाही. दोन इंच म्हणजे बाळगायला सोपे आणि वापरायला अवघड. सहा इंच म्हणजे वापरायला सोपे, पण ते घरीच राहील. तीन आणि चार इंच म्हणजे दोन्ही गैरसोयी थोड्या थोड्या पत्करणे. भौतिकशास्त्र आपल्याला प्रत्येक इंचाची किंमत सांगते. ती किंमत द्यायची की नाही हे मात्र ते सांगत नाही.

आणि त्याआधीचा एक प्रश्न फूटपट्टीने सुटणारा नाही : जवळ बाळगलेले रिव्हॉल्व्हर खरोखर संरक्षण करते का? १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन परगण्यांत घरात झालेल्या खुनांची त्यांनी तपासणी केली. घरात बंदूक असली तर तिथे खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट दिसला, आणि मारणारा बहुतेक वेळा कुटुंबातला किंवा ओळखीचा होता. टीकाकार म्हणाले की धोक्यात असलेली माणसेच बंदूक घेतात, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? आक्षेप रास्त आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आपणही मुलांना सांगतोच. पण ‘बंदूक आहे म्हणजे घर सुरक्षित’ हे गृहीत धरता येत नाही, एवढे तरी त्यातून कळते.

वर्गात हा विषय निघाला तर मुले हत्याराच्या आकर्षणाने बोलतील, हे आपण धरून चालू. त्यांना आधी समरूप त्रिकोण काढू द्या, लंबकाचे गणित करू द्या आणि चार इंचांचे मिलिमीटर करायला सांगा. मग विचारा : कॅनडाने रेघ १०५ वर का ओढली असेल, शंभरावर का नाही? तुम्ही कायदा करणारे असता तर काय मोजले असते? नळी, वजन, काडतुसे, की ते बाळगणारा माणूस? उत्तरे वेगवेगळी येतील, आणि मुलांना आपापल्या उत्तराची कारणे द्यावी लागतील.